पाय डी एन भागिले हजार

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर उभ्या राहणाऱ्या पोराला पहिल्या काही दिवसांतच एक सूत्र पाठ होतं : पाय डी एन भागिले हजार. डी म्हणजे जॉबचा व्यास मिलिमीटरमध्ये, एन म्हणजे मिनिटाला फेरे. उत्तर येतं ते कटिंग स्पीड, म्हणजे मिनिटाला किती मीटर धातू हत्याराच्या टोकापुढून सरकतो ते. ५० मिलिमीटरची सळई १,००० आरपीएमला फिरवली की उत्तर १५७ मीटर. साध्या पोलादाला आणि कार्बाइडच्या टिपेला हे मानवतं. फारच पुढं गेलात तर टीप जळते, निळा धूर निघतो आणि शेडमधली सगळी माणसं वळून बघतात.

आता याच सूत्रात डीच्या जागी १.३ घाला आणि एनच्या जागी ४०,२०,०००. उत्तर येतं मिनिटाला १६,४१८ मीटर. ताशी ९८५ किलोमीटर.

हा कागद मी ओळखीच्या एका जुन्या टर्नरला दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, कागद उजेडात धरला आणि म्हणाले, ‘‘टिंब चुकलंय.’’

‘‘नाही मिस्त्री, चाळीस लाख वीस हजारच आहे.’’

‘‘मग जॉब धरलाय कशात?’’

‘‘हवेत.’’

त्यांनी कागद परत दिला. पण प्रश्न अगदी नेमका विचारला होता. जॉब कशात धरलाय, आणि (हे त्यांनी नंतर चहा घेताना विचारलं) फेरे मोजताय कशानं? या दोन प्रश्नांत सगळं यंत्र येतं.

यंत्र आहे घन पदार्थांच्या एनएमआरचं, म्हणजे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुनादाचं. दवाखान्यातला एमआरआय त्याच कुळातला. पण इथे माणूस आडवा घालत नाहीत, एक नळी घालतात. नळी झिर्कोनियाची, म्हणजे दातांच्या टोप्या ज्या कठीण सिरॅमिकच्या करतात त्याचीच. व्यास १.३ मिलिमीटर, मोहरीच्या बऱ्याच दाण्यांपेक्षा बारीक. लांबी नखाएवढी. आत दोन-तीन मिलिग्रॅम पूड ठासलेली. या नळीला रोटर म्हणतात आणि ती सेकंदाला ६७,००० वेळा स्वतःभोवती फिरते. डोळ्याची पापणी मिटून उघडेपर्यंत तिचे दहा हजार फेरे झालेले असतात.

ओळखीच्या पायऱ्यांनी वर चढून बघू. साखर कारखान्यात दाणेदार साखर आणि मळी वेगळी करायला सेंट्रिफ्युगल मशीन असतं. सव्वा मीटरच्या आसपास व्यासाची जाळीदार टोपली मिनिटाला हजार-बाराशे फेरे घेते आणि साखर भिंतीला चिकटून उभी राहते. मोसमात कारखाना बघायला गेलेल्या प्रत्येकाला पहिल्यांदा भीती वाटते ती याच मशीनची. कोल्हापुरातून तासाभरावर इचलकरंजी. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला आणि गावाचा चेहराच बदलला. आज त्या परिसरातल्या सूतगिरण्यांत रिंगफ्रेमवरची चाती मिनिटाला १८-२० हजार फेरे घेते. दातांच्या डॉक्टरकडचं ते किंचाळणारं ड्रिल हवेच्या झोतावर चालतं, मिनिटाला तीन-चार लाख फेरे. आपल्या ओळखीचं जग इथे संपतं. रोटर त्याच्याही दहापट पुढं आहे.

कोल्हापूरला हाच हिशेब स्वरांतही करता येतो. शाहू महाराजांच्या आश्रयाला अल्लादियाँ खाँ इथे आले आणि जयपूर घराण्याची गायकी इथल्या मातीत रुजली. पुरुष गायकाचा सा काळी एकचा धरला तर तो सुमारे १३९ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं. रिंगफ्रेमची चाती सेकंदाला ३३३ फेरे घेते. त्याच सा वर बसवलं तर हा तार सप्तकातला कोमल गंधार भरतो, आणि तोही जवळजवळ चोख. थोराड रोटर सेकंदाला नऊ हजारांच्या आसपास फिरतो तेव्हा खोलीत बारीक शिट्टी ऐकू येते. ती मूळ ‘सा’पासून सहा सप्तकं वर. २०,००० च्या आसपास माणसाचा कान संपतो. ६७,००० म्हणजे मूळ षड्जापासून जवळजवळ नऊ सप्तकं वर. तिथे रोटर मुकाच फिरतो, निदान आपल्यासाठी. कुत्र्यालाही तो ऐकू येणार नाही. वटवाघळाला कदाचित येईल.

फेरे एवढे वाढले तरी काठाचा वेग मात्र फारसा वाढलेला नाही, आणि या सगळ्या आकड्यांत मला सर्वांत गंमत वाटते ती याचीच. ४ मिलिमीटरचा रोटर सेकंदाला १५,००० फेरे घेतो, त्याचा काठ सेकंदाला १८८ मीटर धावतो. २.५ मिलिमीटरचा ३५,००० घेतो, काठ २७५ मीटर. १.३ चा ६७,०००, काठ २७४. आणि ०.७ मिलिमीटरचा, म्हणजे शाळेच्या पेन-पेन्सिलीतल्या बारीक शिशाच्या जाडीचा, १,११,००० घेतो आणि काठ फक्त २४४. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या रोटरांनी दीड लाखाचाही टप्पा ओलांडला, पण काठ तिथेच घोटाळतो. कारण वर भिंत आहे. रोटर फिरवतो तो हवेचा झोत, आणि त्या झोताला ध्वनीच्या वेगाची, सेकंदाला ३४३ मीटरच्या आसपासची, वेस ओलांडता येत नाही. शिवाय नळी स्वतःच्या फिरण्यानं फाटायला बघते तो ताण काठाच्या वेगाच्या वर्गावर ठरतो, व्यासावर नाही. झिर्कोनियाचं पातळ कडं धरून ढोबळ हिशेब केला तर २७४ मीटरला हा ताण दर चौरस सेंटिमीटरला साडेचार टनांवर जातो. म्हणून फेरे वाढवायचे असतील तर एकच वाट उरते, नळी बारीक करा. गेल्या काही दशकांतली या क्षेत्रातली सगळी धाव याच वाटेवरची आहे. मिस्त्रींना हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘‘मग त्यात काय? स्पीड तेवढाच ठेवायचा असला तर डी कमी केल्यावर एन वाढवावाच लागतो.’’ खरंय. उद्यमनगरात हे पहिल्या महिन्यातच शिकवतात.

काठाचा वेग तोच राहिला तरी आतल्या पदार्थाचे हाल मात्र वाढत जातात. साखर कारखान्यातल्या टोपलीच्या भिंतीवर साखरेला तिच्या वजनाच्या सुमारे हजारपट जोर बसतो. ४ मिलिमीटरच्या रोटरच्या काठावर हा आकडा १८ लाखांवर आहे, १.३ च्या काठावर १ कोटी १७ लाख, ०.७ च्या काठावर १ कोटी ७३ लाख. म्हणजे एक मिलिग्रॅमचं चिटुकलं १.३ च्या काठावर ११ किलो ७०० ग्रॅमच्या जोरानं दाबतं. गुळाच्या एखाद्या लहान ढेपेपेक्षा थोडं जास्त, आणि तेही एवढ्याशा कणाचं.

हा जुलूम कशासाठी?

१९५१ साली अमेरिकेत स्टॅनफर्डला तीन जणांनी एक आलेख छापला : अर्नोल्ड, धर्माट्टी आणि पॅकार्ड. पदार्थ होता इथेनॉल, म्हणजे आपल्याकडे मळीपासून आसवनीत निघतो तोच अल्कोहोल. आलेखात तीन शिखरं होती आणि त्यांच्या क्षेत्रफळांचं प्रमाण तीनास दोनास एक. रेणूत तीन वेगवेगळ्या ठिकाणी हायड्रोजन बसलेत, तीन, दोन आणि एक, हे चुंबकानं सांगितलं होतं. रसायनशास्त्रज्ञांना एनएमआरचा खरा अर्थ त्या तीन शिखरांनी समजला. यातले धर्माट्टी पुढे मुंबईला आले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी भारतातल्या चुंबकीय अनुनादाच्या कामाची पायाभरणी केली. आज कुलाब्याच्या त्या संस्थेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत जे काम चालतं, त्याच्या मुळाशी दारूच्या रेणूची ती तीन शिखरं आहेत.

पण इथेनॉल द्रव आहे. द्रवात रेणू सेकंदाला अब्जावधी वेळा गडबडा लोळतात. एका अणुकेंद्राचा शेजारच्यावर पडणारा चुंबकी प्रभाव दिशेवर अवलंबून असतो, आणि सगळ्या दिशा इतक्या भरभर येऊन जातात की त्याची सरासरी शून्य होते. शिखर बारीक, टोकदार येतं. घन पदार्थात रेणू जागच्या जागी गच्च बसलेला. दोन हायड्रोजन १.८ अँगस्ट्रॉमवर असतील तर त्यांची आपसातली ओढाताणच सुमारे २०,००० हर्ट्झची होते. आलेखावर शिखराऐवजी रंकाळ्यावरच्या धुक्यासारखा पसरट ढीग दिसतो. द्रवाला जे फुकट मिळतं ते घनाला विकत घ्यावं लागतं. रेणू हलत नसेल तर सगळा तुकडाच फिरवायचा.

मात्र रेणूसारखं अब्जावधींनी फिरवणं कुणालाच शक्य नाही. इथे भूमिती मदतीला येते. वेल्समधल्या बँगर इथे रेमंड अँड्र्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये दाखवलं की एकाच अक्षाभोवती फिरवलं तरी पुरतं, फक्त तो अक्ष चुंबकाच्या दिशेशी ५४.७४ अंशांचा कोन करून असायला हवा. त्यांनी मिठाचा स्फटिक फिरवला होता, सेकंदाला ८०० फेरे. पुढच्याच वर्षी अमेरिकेत अर्विंग लो यांनी स्वतंत्रपणे तेच केलं. त्या कोनाला ‘जादूई कोन’ म्हणायला लागले ते लायडनच्या गोर्टर यांच्यापासून. पण जादू वगैरे त्यात काही नाही. लुडोचा फासा घ्या. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात आरपार सुई घाला. त्या सुईचा फाशाच्या कडेशी जो कोन होतो तो हाच, ५४.७३५६ अंश. सुईभोवती फासा फिरवला की एका कोपऱ्याच्या तिन्ही कडा आलटून पालटून एकाच जागी येतात. लांबी, रुंदी आणि उंची यांत भेदभाव उरत नाही.

कोन किती नेमका लागतो त्याचा हिशेब असा. एक अंश चुकला तर वरच्या २०,००० हर्ट्झमधले सुमारे ५०० शिल्लक राहतात. एक दशांश अंश चुकला तर ५०. एक शतांश चुकला तर ५. इथे सगळी धडपड शतांशाच्या अलीकडे उतरायची असते. कोल्हापुरातून २० किलोमीटरवरच्या पन्हाळ्यावर नेम धरला आणि नेम शतांश अंशानं ढळला, तर गोळी साडेतीन मीटर बाजूला लागेल. कोन लावायला पोटॅशियम ब्रोमाइडची पूड वापरतात. ब्रोमीनचा संकेत प्रत्येक फेऱ्याला प्रतिध्वनीसारखा परत येतो, आणि कोन जितका नेमका तितके हे प्रतिध्वनी जास्त वेळ टिकतात. स्क्रू केसभर फिरवायचा आणि पडद्यावर बघायचं. तंबोरा लावण्याचंच काम आहे ते, जव थोडी सरकवायची आणि कान द्यायचा.

चुंबकाचे आकडेही सोबत सांगून टाकतो. १४.१ टेस्ला हे क्षेत्र कोल्हापुरात होकायंत्राची सुई हलवणाऱ्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे साडेतीन लाख पट आहे. त्यात हायड्रोजनचं केंद्र सेकंदाला ६० कोटी वेळा डोलतं. आणि एवढं करून दर दहा लाख केंद्रांत चुंबकाच्या बाजूनं झुकलेली जास्तीची केंद्रं सुमारे ४८ च. बाकीची एकमेकांचा हिशेब चुकता करून टाकतात. सगळा संकेत या ४८ च्या बहुमतावर चालतो.

आता मिस्त्रींचे दोन प्रश्न.

जॉब धरलाय हवेत, आणि हवा दोन तऱ्हेची. एक बेअरिंगची. ती नळीच्या चहूबाजूंनी सूक्ष्म छिद्रांतून येते आणि नळीला तरंगत ठेवते. नळी आणि भिंत यांच्यातली फट केसाच्या जाडीहून कमी. दुसरी ड्राइव्हची. नळीच्या टोकाच्या टोपीला भिंगरीसारखी पाती कापलेली असतात, त्यांवर ती झोत मारते. हवा कोरडी हवी, तेलाचा अंशही नको. पावसाळ्यात कंप्रेसरच्या टाकीत किती पाणी साचतं हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको.

क्रम पाळावाच लागतो. आधी बेअरिंग, मग ड्राइव्ह, आणि ड्राइव्ह हळूहळू. काही ठरावीक वेगांवर रोटर थरथरतो, तिथे रेंगाळायचं नाही. पूड एका बाजूला जास्त भरली गेली असेल तर त्या कोटी-कोटींच्या जोरात तो असमतोल लगेच अंगावर येतो. रोटर भिंतीला घासला की संपलं. झिर्कोनियाचे तुकडे, टोपीचा चुरा आणि रोटर ज्यात बसतो तो प्रोब दुरुस्तीला. म्हणून पूड भरणं हे हातकाम आहे. थोडी घालायची, दाबायची, पुन्हा थोडी. वरून बघणाऱ्याला वाटेल विडी वळताहेत.

आणि मोजायचं कशानं? काळ्या मार्करनं. खरोखर. रोटरच्या बुडाचा अर्धा काठ काळ्या मार्करनं रंगवतात. समोर एक प्रकाशतंतू. उजळ अर्धा समोर आला की उजेड परततो, काळा आला की नाही. सेकंदाला ६७,००० वेळा उजेड-अंधार, उजेड-अंधार. नियंत्रक ही लुकलुक मोजतो, हव्या आकड्याशी ताडून बघतो आणि ड्राइव्हची झडप किंचित उघडतो किंवा मिटतो. कोट्यवधी रुपयांच्या यंत्राचा लगाम स्टेशनरीच्या दुकानातल्या पेनानं ओढलेल्या रेघेच्या हाती असतो. शाई पुसट झाली की आकडा उड्या मारायला लागतो, आणि नवखा विद्यार्थी आधी सॉफ्टवेअरवर संशय घेतो.

हे ऐकून मिस्त्री पहिल्यांदा खूश झाले. त्यांच्याकडंही आरपीएम मोजायला फिरत्या भागावर चमकती पट्टी चिकटवतात.

वेग गाठणं हे अर्धंच काम. तो धरून ठेवणं जास्त अवघड. सेकंदाला १०,००० फेरे ठरवले तर नियंत्रकाला दोन-पाच फेऱ्यांच्या आत राहायचं असतं. दोन फेऱ्यांचा फरक म्हणजे दिवसाला १७ सेकंद चुकणारं घड्याळ, आणि हा काटा हवेच्या झोतावर हलतोय. गरज अशी की घन पदार्थाच्या आलेखात मूळ शिखराच्या दोन्ही बाजूंना फेऱ्यांच्या वेगाएवढ्या अंतरावर उपशिखरं उगवतात. वेग ढळला की ती पसरतात. त्याहून नाजूक प्रयोग रेडॉरचा, गलियन आणि शेफर यांनी १९८९ मध्ये दिलेला. यात प्रत्येक फेऱ्याच्या बरोबर मध्यावर आणि शेवटी रेडिओलहरींचा एक ठोका द्यायचा, म्हणजे १०,००० फेऱ्यांना दर ५० मायक्रोसेकंदांनी एक. समेवर एक, खालीवर एक, आणि आवर्तनामागून आवर्तन असंच. त्यातून कार्बन आणि नायट्रोजनच्या दोन अणूंमधलं अंतर मिळतं, अँगस्ट्रॉमच्या अपूर्णांकापर्यंत. लय सरकली तर ठोका समेवर पडत नाही आणि मिळालेलं अंतर खोटं असतं. शास्त्रज्ञ याला रोटरशी मेळ राखणं म्हणतात. तबलजीला दुसरा शब्द लागणार नाही.

उष्णतेचा त्रास वेगळाच. ताशी ९८५ किलोमीटरच्या घासाघाशीत हवा तापते, आणि १.३ चा रोटर आतून कित्येक अंशांनी गरम होतो. प्रथिन भरलेलं असेल तर ते शिजेल, म्हणून थंड हवा सोडावी लागते. आत तर थर्मामीटर घालता येत नाही. मग शिशाचं नायट्रेट भरतात. त्यातल्या शिशाचा संकेत दर अंशाला ०.७५३ पीपीएमनं, म्हणजे दहा लाखांत तेवढ्या भागानं सरकतो, आणि तेवढ्यावरून तापमान वाचतात. हा उपाय बिलेकी आणि बुरुम यांचा, १९९५ चा.

असे प्रयोग दिवसेंदिवस चालतात. दिवसाला ५७९ कोटी फेरे. काठावरच्या बिंदूनं चोवीस तासांत कापलेलं अंतर २३,६०० किलोमीटरांच्या वर. पुणे-कोल्हापूर रस्ता चौदा मिनिटांत, टोलनाक्यांशिवाय. सोळा-सतरा दिवस न थांबता फिरला तर चंद्राएवढं अंतर होतं, आणि रोटर तिथल्या तिथेच.

यातून मिळतं काय, ते आपल्याच जिल्ह्यातल्या दोन वस्तूंवरून सांगतो. ऊस गाळून उरतो तो बगॅस. त्यातल्या सेल्युलोजचा किती भाग नीट रचलेला आणि किती विस्कटलेला, हे कार्बनच्या आलेखात ८९ आणि ८४ पीपीएमवरच्या दोन शिखरांत दिसतं. कार्बनचा क्षीण संकेत हायड्रोजनकडून बळ उसनं घेऊन वाढवायचा आणि वर नळी फिरवायची, ही जोडी शेफर आणि स्टेजस्कल यांनी १९७६ मध्ये जमवली. त्यानंतर लाकूड, काथ्या, प्लास्टिक, सगळंच न विरघळवता वाचता यायला लागलं. दुसरी वस्तू राधानगरीकडच्या दुर्गमानवाडीचं बॉक्साइट. त्यातल्या ॲल्युमिनियमभोवती सहा शेजारी असतील तर शिखर शून्य पीपीएमच्या आसपास येतं. तेच ॲल्युमिनियम इतर खनिजांत किंवा काचेत चार शेजाऱ्यांत बसलं तर साठाच्या आसपास. पण ॲल्युमिनियमचं केंद्र गोल नसतं, आणि त्याच्यापुरता तो एक कोन अपुरा पडतो. त्यासाठी फ्रिडमन आणि हार्वुड यांना १९९५ मध्ये वेगळी युक्ती काढावी लागली. ती इथे सांगत बसत नाही, पाय डी एनमध्ये ती मावत नाही.

थांबवतानाही क्रम असतो, आणि तो उलटा. आधी ड्राइव्ह कमी करत आणायची. बेअरिंगची हवा शेवटपर्यंत चालू, नाहीतर नळी फिरता फिरता खाली बसेल. पडद्यावरचा आकडा उतरत जातो. कानाच्या हद्दीत शिरला की शिट्टी सुरू होते, सप्तकामागून सप्तक खाली येते आणि विरते. मग हवेच्या एका फुंकरीनं रोटर बाहेर. टोपी काढून भिंगातून आत बघितलं तर पूड भिंतीला लिंपल्यासारखी बसलेली असते आणि मधोमध आरपार भोक. गाळप चालू असताना सेंट्रिफ्युगल थांबवून आत डोकावलं की टोपलीच्या भिंतीवर साखर उभी असते, अगदी तशीच.